पेशंटला आपल्या आजाराची जाणीव किती आहे हे मोजायचं कसं? नव्याने वॉर्डात आलेल्यांसाठी

सायकियाट्रीची कुठलीही केस फाईल उघडा, एमएसईच्या, म्हणजे पेशंटच्या मनःस्थितीच्या तपासणीच्या, अगदी शेवटी इनसाइट, म्हणजे आजाराची जाणीव, असा एक कॉलम असतो आणि त्यापुढे बहुतेक वेळा एकच शब्द असतो, ॲबसेंट नाहीतर पार्शल. बोलणं कसं होतं, मूड कसा, विचार कसे यावर पानभर लिहिलेलं असतं आणि इथे आलं की पेन थांबतो. मला हे मनापासून खटकतं, कारण हा माणूस घरी गेल्यावर गोळी चालू ठेवेल का, त्रास वाढला तर स्वतःहून सांगेल का, बायकोवर संशय घेणं थांबेल का, या सगळ्याचा अंदाज त्याच कॉलममधून यायला पाहिजे. आणि 'ॲबसेंट' या एका शब्दातून यातलं काहीच कळत नाही. म्हणून सोशल वर्क, सायकॉलॉजी, नर्सिंगची जी मुलंमुली नाशिकमध्ये सायकियाट्रीच्या पोस्टिंगला नवीन येतात त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितेय.

पहिलं काम, म्हणजे पेशंटला भेटायच्याही आधीचं, इनसाइट ही एक गोष्ट नाही हे डोक्यात पक्कं बसवा. १९९० साली लंडनच्या अँथनी डेव्हिड यांनी याचे तीन भाग केले आणि आजही तेच सगळ्यात कामाचे वाटतात. एक, मला काहीतरी आजार झालाय आणि तो मनाचा आहे हे मान्य असणं. दोन, जे आवाज येतात किंवा जो संशय येतो तो त्या आजाराचा भाग आहे असं ओळखता येणं. तीन, उपचाराची गरज पटणं आणि उपचार घेणं. हे तिन्ही बरोबरच वाढतात असं अजिबात नाही, एखाद्याचं एक भरपूर असतं आणि दुसरं शून्य, आणि खरं काम तिथेच असतं.

जुन्या अभ्यासात हे वेगळं करत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने स्किझोफ्रेनियाचा (नसलेले आवाज ऐकू येणं, खोटा संशय घेणं अशी लक्षणं असलेला गंभीर मानसिक आजार) नऊ देशांत मोठा अभ्यास केला होता, १९७३ ला रिपोर्ट आला, आपल्याकडचं आग्रा त्यातलं एक सेंटर होतं. त्यात ९७ टक्के पेशंटमध्ये इनसाइट नाही असं निघालं, म्हणजे आवाज ऐकू येण्यापेक्षाही हे लक्षण कॉमन. पुढे १९९४ साली अमेरिकेत झेवियर ॲमॅडॉर यांच्या टीमने ४१२ पेशंटवर बारकाईचं स्केल, म्हणजे मार्क देऊन मोजायची प्रश्नावली, वापरून बघितलं तर स्किझोफ्रेनियाच्या साधारण ५७ टक्के लोकांना आपल्याला मानसिक आजार आहे याची जाणीव नव्हती किंवा फार कमी होती. पेशंट वेगळे, आजाराची अवस्था वेगळी, हे सगळं आहेच, पण कसं विचारता आणि किती तुकडे करून विचारता यावरही आकडा हलतो हे लक्षात ठेवा.

आता बसायचं कधी आणि कुठे. ॲडमिट झाल्या झाल्या, इंजेक्शनने गुंगी आलेली असताना मोजू नका. त्या दिवशी जे दिसतं ते लिहून ठेवा पण स्कोअर करू नका. जरा शांत झाल्यावर, दोन वाक्यं सलग बोलता यायला लागली की बसा. सोबतच्या नातेवाइकांना आधी भेटा, मग पेशंटला एकट्याने भेटा, कारण आई शेजारी बसलेली असेल तर तो आईला बरं वाटेल ते बोलणार नाहीतर आईवर चिडून बोलणार, दोन्हीमध्ये तुम्हाला हवं ते मिळत नाही. आणि घरी सोडतील का नाही या काळजीत असलेला माणूस "हो हो, मला आजार आहे, गोळी घेईन" असं पाठ केल्यासारखं म्हणतो. त्याला आधीच सांगा की या बोलण्यावर डिस्चार्ज ठरणार नाहीये. आणि तसं खरंच नसेल तरच सांगा.

भाषेचं आपल्या जिल्ह्यात विशेष बघावं लागतं. सुरगाणा-पेठकडून आलेली मावशी घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोलते, बागलाण-कळवणचे लोक अहिराणी, मालेगावचा पेशंट उर्दू, सातपूर-अंबड एमआयडीसीतला मुलगा बिहारचा असेल तर हिंदी नाहीतर भोजपुरी. पुस्तकी मराठीत "आपल्याला मानसिक आजार आहे असे वाटते काय" असं विचारलं की समोरून एकच उत्तर येतं, "मी काय वेडा आहे का?" आणि तुम्ही तिथे शून्य लिहून मोकळे होता. खरं तर त्याने तुमच्या प्रश्नाला नकार दिलाय, आजाराला दिलाय की नाही ते अजून कळलेलंच नाही. म्हणून आजार हा शब्द शेवटी आणायचा. आधी त्रास विचारा, मग त्रासाचं कारण, मग त्यावर काय केलं तर बरं वाटेल, आणि मग आजार.

एक नमुना देते, अनेक मुलाखतींवरून जुळवलेला आहे, कुणा एकाचा नाही. अंबडच्या कंपनीत सीएनसी मशीनवर काम करणारा तिशीचा मुलगा, कंपनीतली माणसं रात्री आपल्याबद्दल बोलतात असं त्याला ऐकू यायचं.

"दादा, इकडे कशामुळे आलात?"
"घरच्यांनी आणलं."
"घरच्यांना काय वाटलं?"
"मी झोपत नाही, एकटाच बोलतो म्हणे."
"आणि तुम्हाला काय वाटतं?"
"झोप नव्हती हे खरंय. पण बोलायचे ते कंपनीतले बोलायचे, मी फक्त उत्तर द्यायचो."
"आता येतात ते आवाज?"
"येतात, पण बारीक झालेत. गोळी घेतली की लांब जातात."
"गोळी तुम्ही घेता, मग ते लोक कसे लांब जात असतील?"
इथे तो थांबला, बराच वेळ. मग म्हणाला, "ते मलापण कळंना झालंय."
"याला आजार म्हणाल का?"
"आजार नाही मॅडम, टेन्शन आहे. पण गोळी बंद करू नका."

यात बघण्यासारखं खूप आहे. फाईलमध्ये एक शब्द लिहायचा असता तर "आजार नाही" या वाक्यावर ॲबसेंट लिहून झालं असतं. पण हा माणूस गोळी मागतोय. आवाजाचा आणि गोळीचा संबंध त्याला जाणवलाय, फक्त त्याचा अर्थ लागत नाहीये. गोळीवाला तो प्रश्न मी एकदाच विचारते, खरंच कुतूहल म्हणून, आणि उत्तर आलं नाही तरी चालतं. तोच प्रश्न पकडून "बघा, म्हणजे हे सगळं तुमच्या डोक्यातलं आहे ना" असं पुढे रेटलं की तो बंद होतो आणि पुढच्या वेळी काही सांगत नाही. मुलाखत मोजण्यासाठी असते, पटवायला नाही. पटवायचं काम नंतर, वेगळ्या दिवशी.

आता याचा स्कोअर. डेव्हिड यांच्या स्केलमध्ये, ज्याला एसएआय (शेड्यूल फॉर असेसमेंट ऑफ इनसाइट) म्हणतात, उपचाराला ४ मार्क, आजाराच्या जाणिवेला ६ आणि आवाज-संशयासारखे अनुभव आजाराचे म्हणून ओळखण्याला ४, असे एकूण १४ असतात. गोळी घेतो आणि अधूनमधून स्वतःहून मागतो म्हणून उपचारात ३. काहीतरी बिघडलंय हे अर्धवट मान्य, कारण सांगतो ते गोंधळलेलं, मानसिक आजार म्हणून नाही, म्हणून जाणिवेत २. आवाजांबद्दल शंका यायला लागलीय म्हणून १. एकूण ६. आता दुसरा पेशंट घ्या, इंजिनिअरिंग झालेला, नेटवर सगळं वाचलेलं, "मला स्किझोफ्रेनिया आहे हे मला माहितीये, डोपामिनचा प्रॉब्लेम असतो, पण ती माणसं माझ्या मागावर आहेत ते वेगळं, ते खरंच आहेत, आणि गोळ्या मी घेणार नाही." याचं जाणिवेत ६, अनुभवात ०, उपचारात ०. याचेही ६ च! टोटल सारखी आणि दोघांचं पुढचं काम पूर्ण वेगळं, एकाला औषध नीट मिळत राहील हे बघायचंय आणि दुसऱ्याशी औषधाबद्दलच बोलत बसायचंय. म्हणून फाईलमध्ये तिन्ही आकडे वेगवेगळे लिहा, नुसती टोटल लिहू नका. या स्केलला एक जादा प्रश्नही आहे, लोक तुमच्यावर विश्वास ठेवत नाहीत तेव्हा तुम्हाला काय वाटतं, त्याला ४ मार्क. "ते खोटं बोलतात" म्हणाला तर शून्य आणि "तेव्हाच मला कळतं की मी आजारी आहे" म्हणाला तर ४. मला हा प्रश्न फार आवडतो, कारण मधली उत्तरं, म्हणजे "मग मीच चुकतोय का असं वाटतं" वगैरे, बाकी कुठल्याच प्रश्नातून येत नाहीत.

बाकीची स्केल थोडक्यात सांगते.

रोजच्या एमएसईत आपल्याकडे १ ते ६ ग्रेड वापरतात. १ म्हणजे साफ नकार, २ म्हणजे थोडं कळतंय पण त्याच वेळी नाकारतोय, ३ म्हणजे आजारी आहे हे मान्य पण दोष दुसऱ्यावर, बाहेरच्या गोष्टींवर किंवा शरीरावर, ४ म्हणजे आपल्याच आत काहीतरी आहे पण काय ते कळत नाही, ५ म्हणजे डोक्याने कळलंय पण वागण्यात उतरलेलं नाही, आणि ६ म्हणजे मनापासून कळलंय आणि त्यामुळे वागणंही बदललंय. ग्रेड पटकन देता येते, म्हणून राऊंडला बरी. पण वरचे दोन पेशंट या शिडीवर नीट बसतच नाहीत, एका पायरीवर सगळं कोंबावं लागतं.

आयटॅक हे स्केल १९८९ चं, ११ प्रश्नांचं, ० ते २२, उपचाराबद्दलचा दृष्टिकोन त्यात चांगला कळतो. बर्चवुड यांचं १९९४ चं स्केल पेशंटने स्वतः भरायचं असतं, ८ वाक्यं, पटतं, पटत नाही किंवा सांगता येत नाही अशा खुणा करायच्या, एकूण १२, आणि ९ किंवा जास्त आले तर चांगली जाणीव धरतात. वाचता येणारा पेशंट असेल आणि वेळ कमी असेल तर हे घ्या, पण काही वाक्यं उलट्या बाजूची आहेत त्यामुळे सगळ्यावर "पटतं" मारणारा पेशंट लगेच लक्षात येतो आणि यायलाच पाहिजे. पॅन्स म्हणजे स्किझोफ्रेनियाची सगळी लक्षणं मोजणारं मोठं स्केल, त्यात जी-१२ नावाचा एकच आयटम इनसाइटसाठी आहे, १ ते ७. ॲमॅडॉर यांचं सम्ड स्केल सगळ्यात बारीक, प्रत्येक लक्षणाची जाणीव वेगळी विचारतं, पण त्याला वेळ लागतो आणि ट्रेनिंगशिवाय करू नये.

इथे नवीन माणूस हमखास फसतो ती गोष्ट म्हणजे दिशा. एसएआय, आयटॅक, बर्चवुडमध्ये मार्क जास्त म्हणजे जाणीव चांगली. पॅन्सच्या जी-१२ मध्ये आणि सम्डमध्ये मार्क जास्त म्हणजे जाणीव कमी. फाईलमध्ये नुसतं "इनसाइट ५" लिहिलेलं असेल तर वाचणाऱ्याला काय कळणार? स्केलचं नाव, किती पैकी, आणि कुठल्या तारखेला, हे तिन्ही लिहायचंच.

ॲरन बेक यांचं २००४ चं कॉग्निटिव्ह इनसाइटचं स्केल मात्र वेगळी गोष्ट मोजतं. १५ वाक्यं असतात, त्यातली ९ माणूस स्वतःच्या विचारांकडे मागे वळून बघतो का याबद्दल आणि ६ माझंच बरोबर असं किती ठाम वाटतं याबद्दल, पहिल्यातून दुसरं वजा करायचं. यात आजार हा विषयच नाही. थेरपी करणार असाल तर उपयोगी आहे, एसएआयच्या जागी वापरू नका.

आता त्र्यंबकेश्वरचा विषय, तो नाशिकमध्ये टाळताच येत नाही. आपल्याकडे ओपीडीत येणारी कितीतरी घरं आधी तिथे नारायण नागबळीचा विधी करून आलेली असतात, कुणी सप्तशृंगीला नवस बोललेलं असतं, आदिवासी भागातून येणारे भगताकडे जाऊन आलेले असतात, आणि पेशंट सांगतो की भावकीतल्यांनी करणी केलीय. नवीन मुलं लगेच कारण "बाहेरचं" सांगतोय म्हणून शून्य देतात. थांबा. आधी घरच्यांना विचारा की त्यांनाही तसंच वाटतं का, गावात आजारपण आलं की लोक असंच बोलतात का. घरादाराचं आणि गावाचं तेच म्हणणं असेल तर ती त्या समाजाची समजूत आहे, तिला पेशंटचं डिल्युजन, म्हणजे आजारातला भ्रम, समजून मार्क कापू नका. आणि मग पेशंटला विचारा की करणी आहे असं वाटतं तर गोळीचं काय? कितीतरी जण सरळ सांगतात, "ते पण आहे आणि हे पण आहे, देवाचं देवाला करायचं आणि डॉक्टरचं डॉक्टरला." वेल्लोरच्या सीएमसीतल्या (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) डॉक्टरांनी यावर बरंच काम केलंय आणि तिथेही हेच दिसलं की एकाच माणसाच्या मनात दोन-तीन कारणं, एकमेकांशी न जुळणारीसुद्धा, सुखाने नांदतात. माझं मत स्पष्ट आहे, जी मावशी करणी मानते आणि रोज रात्री न चुकता गोळी घेते, तिची जाणीव मी कमी धरणार नाही. मात्र घरचे म्हणतायत की असं कुणी काही केलेलं नाही, आणि एकटा पेशंटच शेजारच्या बाईकडे बोट दाखवतोय, तिथे विचार वेगळा करायचा.

तसंच फॉलोअपचं. तारीख चुकली की फाईलवर पुअर इनसाइट, नॉन-कम्प्लायंट (उपचार न पाळणारा) असं लिहायची फार सवय आहे. निफाड-दिंडोरीचा द्राक्षवाला ऑक्टोबर छाटणीत अडकलेला असतो, मजुरीवर जाणाऱ्याचा एक रोज बुडतो आणि वर सुरगाण्याहून एसटीचं भाडं. गोळ्या संपल्या तेव्हा काय झालं, हे विचारा. "कुणाकडून मागवता येतील का बघत होतो" आणि "बरं झालं संपल्या" या दोन उत्तरांत जाणिवेचा फरक आहे, चुकलेल्या तारखेत नाही.

आजारानुसारही अपेक्षा बदला. मॅनियामध्ये, म्हणजे मूड अतिशय चढलेला असतो त्या आजारात, ऐन जोरात असताना जाणीव तळाला असते आणि मूड खाली आला की बहुतेकांची बरीच परत येते, त्यामुळे त्या वेळचा आकडा कायमचा धरू नका. स्किझोफ्रेनियात ती जास्त चिवट असते, आवाज कमी झाले तरी "तेव्हा ते खरंच होत होतं" हे राहतं, म्हणून आत्ताच्या लक्षणांबद्दल आणि मागच्यांबद्दल वेगवेगळं विचारा. एकदा ॲडमिशननंतर शांत झाल्यावर, एकदा डिस्चार्जच्या वेळी आणि मग तीनेक महिन्यांनी मोजलं तर काहीतरी चित्र मिळतं. एकदाच मोजलेल्या आकड्यावर मी कधी काही ठरवत नाही. आणि सुरुवातीला शक्य असेल तर दोघांनी एकाच मुलाखतीला बसा, वेगवेगळे मार्क द्या आणि नंतर जुळवून बघा, जिथे फरक येतो तिथेच शिकायला मिळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे वाचताना घाई करू नका. जाणीव वाढली म्हणजे सगळं चांगलंच झालं असं नसतं. आपल्याला काय झालंय हे ज्या दिवशी कळतं त्या दिवशी नोकरी गेली, लग्न मोडलं, लोक काय म्हणतील हेही एकदम कळतं. जाणीव वाढण्याबरोबर डिप्रेशन वाढतं हे अनेक अभ्यासांत दिसलंय, आणि काहींच्या मनात जीव देण्याचे विचारही येतात. त्यामुळे आधी जाणिवेत २ असलेला माणूस अचानक ६ वर आला तर आनंद होतो ते ठीक, पण त्याच बैठकीत विचारा, "हे सगळं कळल्यावर कसं वाटतंय? जगू नये असं मनात येतं का?" सरळ विचारा, विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकट्याला सोडायचं नाही, त्याच वेळी डॉक्टरांना सांगायचं, आणि घरच्यांना टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून द्यायचा, तो चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

कायद्याचं एक. इनसाइट कमी म्हणजे या माणसाला निर्णय घेता येत नाही, असा शिक्का मारू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता वेगळी बघायची असते, म्हणजे दिलेली माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम काय होतील ते कळतं का, निर्णय सांगता येतो का. आणि त्याचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटला एवढ्यावरून क्षमता नाही असं धरता येत नाही, हे त्याच कायद्यात कलम ४ मध्ये लिहिलेलं आहे. वरचा कंपनीतला मुलगा आजार मानत नाही, पण गोळी कशाला आहे, बंद केली तर काय होईल हे तो सांगू शकतो. तुमच्या एसएआयच्या आकड्यावरून कुणी सक्तीच्या ॲडमिशनचा मुद्दा काढला तर नम्रपणे सांगा की हे स्केल त्यासाठी नाही.

म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाकडे थिसिस करणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. वॉर्डात आपण बोलीभाषेत फिरवून प्रश्न विचारतो ते उपचारासाठी ठीक, पण रिसर्चमध्ये तसं चालत नाही. स्केल वापरायची परवानगी, तपासलेलं मराठी भाषांतर, नसेल तर भाषांतर करून दुसऱ्याकडून उलट भाषांतर, थोड्या पेशंटवर ट्रायल, आणि एथिक्स कमिटी, हे सगळं सिनॉप्सिसच्या, म्हणजे थिसिसच्या आराखड्याच्या, आधीच धरा, शेवटच्या वर्षाला धावपळ होते. पॅन्सचं ट्रेनिंग न घेता पॅन्स भरू नका.

आणि नोट कशी लिहायची ते. त्या मुलाची मी अशी लिहीन: "एसएआय, उपचार ४ पैकी ३, जाणीव ६ पैकी २, अनुभव ४ पैकी १. मुलाखत एकट्याने, मराठीत, गुंगी नाही. पेशंटचे शब्द: 'आजार नाही, टेन्शन आहे, पण गोळी बंद करू नका.' गोळीने आवाज लांब जातात हे स्वतः सांगतो, कारण सांगता येत नाही. आईच्या मते नजर लागली आहे, पेशंट तसं म्हणत नाही. जीव देण्याचे विचार विचारले, नाही म्हणाला. पुढच्या भेटीत: आवाज आणि गोळीच्या संबंधाबद्दल पुन्हा बोलणं, आजार या शब्दाचा आग्रह नको." लिहायला पाच मिनिटं लागतात, आणि तुमची पोस्टिंग संपल्यावर जो कुणी पुढचा येईल त्याला कुठून बोलायला सुरुवात करायची ते कळतं.